सुनेनं लघवीचं विचारलं

माझी बायको पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. कंबरेत उसण भरली तर पायाळू माणसाच्या लाथेनं उतरते, असं आमच्याकडे मानतात. सकाळी उपाशीपोटी लोक नंदनवन वस्तीतल्या आमच्या दारात येऊन पाठ करून उभे राहत आणि ती डाव्या पायानं तीनदा हलकंच मारायची. मी मिस्त्री, आयुष्यभर विटा-सिमेंट उचललं, त्यामुळे सगळ्यात जास्त लाथा मीच खाल्ल्या. शेजारीण म्हणायची, "तुले तर नवऱ्याले लाथ मारायचं लायसन हाय वं." ती म्हणायची, "हाय ना. पण दुखल्याबिगर येतच नाही हा."

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. तिच्यानंतर चहासुद्धा बरोबर लागत नाही, पण पितो.

मागच्या उन्हाळ्यात पाण्यानं भरलेला कुलर मी एकट्यानं सरकवला आणि कंबरेत कट्‌ झालं. कळ एका पायात उतरली. ती जुनी ओळखीची, म्हणून मलम लावून पडलो. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय दुखायला लागले, ओट्यावरून उतरताना लटपटले. चौथ्या दिवशी सकाळी संडासात धुताना पाणी लागलेलं कळेना. सायकलच्या सीटवर टेकते तेवढी सगळी जागा बधिर, दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो तशी. आदल्या संध्याकाळपासून लघवीही झाली नव्हती. उभा राहिलो, बसलो, नळ सोडून पाहिला. पोट टम्म, पण थेंब नाही. मला वाटलं, उन्हाळा आहे, पाणी कमी पडलं असेल. कंबरेचा आणि लघवीचा काही संबंध असतो हे मला काय माहीत. उसण आहे, बायको नाही, तर दुसरा पायाळू शोधायचा, एवढंच डोक्यात. माझ्या आटोवाल्या दोस्तानं सांगितलं होतं की पारशिवनीकडे एक पायाळू म्हातारी आहे. त्याला बोलावून घेतलं.

मुलगा सकाळीच कन्हानला कामावर गेला होता. घरात सून. ती एका व्यायामाच्या दवाखान्यात येणाऱ्यांचे कागद भरते.

"कुठं चालले मामाजी?"

"पारशिवनीले. लाथ खायले."

मी भिंत धरून चालत होतो, ते तिनं पाहिलं.

"दोन्ही पाय दुखून राहिले का?"

"हो."

"लघवी झाली का?"

"झाली," मी खोटं बोललो.

"केव्हा?"

दोस्त दारातून म्हणाला, "अवं बाई, सासऱ्याले असं विचारतेत का?"

"तुम्ही चूप बसा काका. आमच्या इथं कंबरवाल्यांले पहिले हेच विचारतात. मामाजी, बसायची जागा बधिर झाली का? धुतानी समजते का?"

ती घरात आल्यापासून आम्ही दोघं भाजी आणि नळाचं पाणी यापलीकडे बोललो नव्हतो. बायको असती तर विचारायचीही गरज पडली नसती. मी संडासातून कसा निघालो यावरून तिला कळायचं. हिला सांगावं लागणार होतं. मी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "नाही समजत. कालपासून झाली नाही."

ती चप्पल घालून आटोत बसली सुद्धा. "काका, मोठ्या दवाखान्यात घ्या. पारशिवनी राहू द्या."

दोस्त पुटपुटला, "म्हातारीले फोन करून ठेवला होता गा मी." पण गाडी चांगली हाणली.

डॉक्टरीण पोरगीच होती. तिनं खाली सुई टोचून विचारलं, "समजते का?" नाही समजत. मग मागच्या जागेत बोट घालून तपासलं, तेव्हा मात्र मी सुनेला बाहेर पाठवलं. लघवीची नळी घातली तर पिशवी भरत गेली. मशीनमध्ये घालून फोटो काढल्यावर तिनं मला समजावलं. पाठीच्या कण्यात खालच्या टोकाला घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. पाय, लघवी, संडास, नवराबायकोचं, सगळं त्यातून चालतं. माझी मणक्यामधली गादी सरकून त्यावर बसली होती. ऑपरेशन आजच.

"चालीन का मी?"

"बहुतेक चालाल. लघवीचं आता नाही सांगत. नस जितका वेळ दबून राहते, तितकी मरते. आज इकडंतिकडं फिरत बसले असते तर चालण्याचंही मी सांगू शकली नसती."

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी नळी काढली. तो दिवस लांब गेला. मुलगा फेऱ्या मारत होता, सून बाकावर. जन्मभर पिशवी बांधून फिरायचं की नाही, ते त्या दुपारी ठरणार होतं. तीन वेळा जाऊन परत आलो. चौथ्यांदा आली. बारीक, थांबून थांबून, पण माझी मला आली. दार उघडून म्हटलं, "झाली."

"किती?" सुनेनं विचारलं. नर्सनं मापाचा डबा दिला होता.

आता काठी घेऊन बगिच्यापर्यंत जातो. तिथं कोणी कंबर धरून बसला की मी सरळ विचारतो. नुसती कंबर दुखते तर घाबरू नको. पण दोन्ही पायांत कळ किंवा कमजोरी, बसायची जागा बधिर, लघवी अडली किंवा नकळत झाली, संडास कळेना, यातलं एकही असलं तर उद्यावर टाकू नको, आत्ताच्या आत्ता दवाखाना. बाकीचे म्हातारे म्हणतात, "याच्याजवळ नोका बसू गा, हा मुतायचं विचारते." विचारतो. एक जण हसला नाही, उठून गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाचा फोन आला की भरती केलं, वेळेवर आणलं असं डॉक्टर म्हणतात.

लोक विचारतात, बायकोच्या लाथेत काही होतं का. डॉक्टरीण म्हणते, साधी उसण चार दिवसांत आपोआप जाते. जात असेल. तिचा पाय लागला की मला बरं वाटायचं, एवढं मी सांगू शकतो.

डावीकडची थोडी जागा अजून बधिरच आहे. लघवी लागल्याचं नीट कळत नाही, म्हणून घड्याळ पाहून दर तीन तासांनी जातो. सुनेनं माझ्या मोबाइलवर घंटी लावून दिली आहे, आता वाजतेच आहे. काही लागलं नाही, पण जाऊन येतो.