खुंटीवरची किल्ली

नथूभाऊ गेल्याची बातमी मला केबिनच्या फोनवर कळली. सकाळची मालगाडी घ्यायची होती म्हणून मी हँडल फिरवलं, तर पलीकडून त्याच्या जागी आलेला शिवदास म्हणाला, "मास्तर, नथूभाऊ गया." माझ्या तोंडून निघालं, "पाहिलंस का?" तो गडबडला. "नही... लोके सांगी ऱ्हायनात." मालगाडी घेतली, पुढे काढली, चार्ज दुसऱ्याच्या हाती दिला आणि क्वार्टर्सच्या शेवटच्या खोलीपर्यंत स्वतः गेलो. खरंच होतं. मग बाहेरच्या दगडावर बसून यादी केली. बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या, कोरीटला त्याच्या नातलगांना निरोप. माझं डोकं तसंच चालतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं स्टेशन नंदुरबारजवळचं, लहानसं. दोन लाइनी, सरळ जाणारी मेन आणि बाजूची लूप, आणि कापसाच्या गाठी भरायला एक साइडिंग. स्टेशनच्या टेबलावरून लांबचं केबिन दिसतं, पण सांध्यावर रूळ कुठे जोडलेत ते दिसत नाही. त्यासाठी फोन. मी विचारायचं, "मेन?" त्याने सांगायचं, "लागली." "लूप?" "बंद." "साइडिंगचा सांधा?" "बंद, कुलूप आहे." या फोनने रुळाचा एक खिळाही हलत नाही, यार्डात काय कसं आहे ते फक्त कळतं. पण तेवढ्या कळण्यावर इंजिन पुढे जातं. नथूभाऊ माझ्या आधीपासून तिथे सांधेवाला होता. अंगाने किरकोळ, खोकला कायमचा, आणि सगळ्या स्टेशनला पुरेल इतका थट्टेखोर. माझ्या याद्यांवरून मला चिडवायचा, "मास्तर, आज श्वास लेवानं लिखेल शे ना?"

साइडिंगचा सांधा हाताने फिरवायचा, मग त्याला साधं कुलूप घालायचं. ते कुलूप उघडं राहिलं तरी किल्ली निघायची. किल्लीची जागा केबिनमधली खुंटी. किल्ली खुंटीवर दिसली की सांधा बंद, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. कोणी शिकवलं नव्हतं, अंगवळणी पडलं होतं.

तो उन्हाळ्याचा दिवस होता. सकाळी नथूभाऊने सांधा स्वतः बंद केला. मधे गाठींसाठी एक रिकामा डबा आत हवा होता. हमालांचा मुकादम किल्ली घेऊन गेला, सांधा उघडला, सगळ्यांनी डबा ढकलत आत नेला, आणि किल्ली परत खुंटीवर आली. सांधा तसाच राहिला. दुपारी इंजिन डबे मागे ढकलणार होतं. मी विचारलं, "साइडिंगचा सांधा?" नथूभाऊने खुंटीकडे पाहिलं आणि सांगितलं, "बंद." डबे उघड्या सांध्यावरून साइडिंगमध्ये वळले.

आत डब्याखालच्या सावलीत सुकलाल हमाल भाकरी खात बसला होता...

चौकशीला साहेब आले. डब्याखाली बसणं नियमाविरुद्ध, असं त्यांनी लिहिलं. नथूभाऊ मधेच उभा राहिला. "साहेब, मी खुंटी देखी. सांधा नही देखा." साहेब म्हणाले, "विचारलं तेवढंच सांग." त्याला ताकीद मिळाली आणि केबिन त्याच्याकडेच राहिलं. सुकलालच्या बायकोला, बायजाबाईला, साइडिंगवर सांडलेला कापूस झाडण्याचं काम मिळालं. नवरा गेला त्याच जागेवर.

पहिल्या दिवशी ती झाडू आणि टोपली घेऊन केबिनखाली उभी राहिली. सगळे हमाल बघत होते. "नथूभाऊ, सांधा बंद शे का?" त्याने खिडकीतून वाकून पाहिलं. "बंद शे, बहीन." ती हलली नाही. "खाले ये. हात लाईसन देख." तो उतरला, सांध्यापर्यंत चालत गेला, कुलूप ओढून पाहिलं आणि परत येऊन म्हणाला, "बंद शे. देखीसन वनू." तो स्वतः पाहून आला, तेव्हा ती आत गेली.

मग ते रोजचंच झालं. पाऊस असो, ऊन असो, त्याला ताप असो. ती विचारायची, तो उतरायचा. हमाल ओरडायचे, "उठ नथूभाऊ, तुन्ही साहेबीन वनी!" तो हसायचा नाही. त्याची थट्टा त्या दुपारीच संपली होती. घरी वहिनी चिडायच्या, "भर स्टेशनात ती तुमले खाले उतारस. तिना नोकर शेतस का तुम्ही?" तो म्हणायचा, "तिना नही. त्या कुलूपना."

मला हे बघवेना. मी त्याला म्हटलं, बायजाबाईला मालधक्क्यावर काम लावून देतो, म्हणजे तिलाही ती जागा नको आणि तुलाही हे उतरणं नको. त्याने खुंटीकडे बोट केलं. "नको मास्तर. ती इचारस तवलगून बरं शे. तिनी सोडी दिन्हं तं मी परत खुंटीच देखसू."

बायजाबाईने त्याला कधी माफ केलं का, मला माहीत नाही. ती त्याच्याशी दुसरं काही बोललेली मी ऐकलं नाही. शेवटच्या दिवसांत खोकल्याने त्याला खाटेवरून उठवेना. एका संध्याकाळी मी तिथे बसलो होतो, तर ती दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. त्यानेच विचारलं, "आते कोन देखस?"

"नवा पोऱ्या शे."

"खाले उतरस का?"

"मी उतारस त्याले," ती म्हणाली आणि गेली. त्याने डोळे मिटले. आमची शेवटची भेट तीच.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोनवर शिवदासला विचारलं, "साइडिंगचा सांधा?" तो म्हणाला, "बंद." मागून तिचा आवाज आला. शिवदास खिडकीतून ओरडला, "बंद शे वं, सांगं ना!" मग काहीच ऐकू येईना. ती नुसती उभी असणार. गाडी सिग्नलबाहेर शिट्ट्या देत होती. शेवटी शिवदास वैतागून म्हणाला, "थांबा मास्तर," आणि लोखंडी जिन्यावर त्याच्या वहाणा वाजल्या. मी रिसीव्हर कानाला धरून बसलो. बऱ्याच वेळाने तो धापा टाकत आला. "बंद शे. देखीसन वनू."

त्यानंतर तो रोज उतरतो का? ते मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. केबिनमध्ये जातो तेव्हा किल्ली मात्र खुंटीवर दिसते.