हस्तिदंती गणपतीचं सर्टिफिकेट

“सहीखाली शिक्काही मारा साहेब. मेव्हना प्लॅस्टिक म्हनतोय,” असं म्हणत तात्यांनी रुमालातून बोटभर उंचीचा पांढरा गणपती काढून माझ्या टेबलावर ठेवला.

सुप्याच्या एका पतसंस्थेत मी सोनेतारणाचा व्हॅल्युअर आहे. गहाण आलेल्या दागिन्यात सोनं किती आणि ते किती शुद्ध, हे सांगणं माझं काम. तात्या कंपनीतून रिटायर झाले आणि मित्रांबरोबर दक्षिणेत फिरून आले. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांच्या बायकोला, काकूंना, जाता आलं नव्हतं. ही मूर्ती त्यांच्यासाठी होती. उद्या चतुर्थीला ती देव्हाऱ्यात बसवायची, म्हणून त्यांना माझ्याकडून ‘अस्सल हस्तिदंत’ असं लिहून हवं होतं.

“तात्या, हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे बंद आहे. हा खरा निघाला तर सर्टिफिकेट नाही. आपण दोघं तो घेऊन वन खात्याच्या ऑफिसात जाऊ. तपासू का?”

तात्यांचा हात मूर्तीकडे गेला. “दुकानदार म्हनला, जुना माल हाय, चालतंय.”

“जुना असं सगळेच म्हणतात. तुम्ही एक घेतलात की तो त्या जागी दुसरा आणून ठेवतो. त्या दुसऱ्यासाठी मारलेला हत्ती जुना नसतो.”

तात्यांच्या शेजारी बसलेल्या काकू मधेच बोलल्या, “हत्तीचं तोंड असलेला देव, आन् हत्तीचाच दात काढून घडवायचा? तपासा भाऊ. खरा असला तर मला घरात नको.”

“अगं, तुझ्यासाठीच आनला ना!”

“मी साडी म्हनले हुते.”

मी डोळ्याला लूप लावली. लूप म्हणजे सोनाराचं भिंग. हस्तिदंत आडवा कापला की त्यावर तिरप्या रेषा एकमेकींना छेदताना दिसतात, जाळीसारख्या. मूर्तीच्या तळाला जाळी नव्हती, बारीक काळपट ठिपके होते. हाडात रक्ताच्या बारीक नळ्या असतात, त्यांची ही तोंडं. टॉर्च लावून पुन्हा पाहिलं. ठिपकेच.

माझा जीव भांड्यात पडला. तात्यांचं तसं होणार नव्हतं.

“हाड आहे, तात्या.”

“कशाचं?”

“ते भिंगातून कळत नाही.”

तात्या खुर्चीत मागे टेकले. “म्हंजी देव्हाऱ्यात न्हाई.”

“न्हाई,” काकू म्हणाल्या. “पूजा झाली न्हाई अजून, ते बरं झालं.” त्यांनी मूर्ती उचलली आणि पदराने तिची धूळ पुसली. “टीव्हीशेजारी शोकेसमधी राहील. एवढ्या लांब माझी आठवन तर झाली तुमाला.”

तात्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. “साहेब, प्लॅस्टिक न्हाई, एवढं तरी खरं ना?”

“खरं.”

“मग तेवढंच लिहून द्या.”

मी साध्या कागदावर लिहिलं, ‘प्लॅस्टिक नाही’, आणि सही केली. शिक्का मारला नाही. तो फक्त सोन्यासाठी आहे.

तेव्हापासून फिरायला निघालेल्यांना मी सांगतो, हस्तिदंताच्या दुकानात ‘खरं आहे का’ असं विचारत बसू नका. दुकानदार ‘हो’ म्हणाला तरी ते घ्यायचं नसतंच. आणि बायकोने साडी सांगितली असेल, तर साडीच आणा.