डांबरावरची आइस हॉकी

अमेरिकेच्या दक्षिणेत, भाचीच्या कॉलेजात गेलो होतो. भर उन्हात पार्किंगमध्ये तिचा आइस हॉकीचा संघ चाकांच्या स्केट्सवर घामाघूम होऊन खेळत होता. शेजारच्याच इमारतीत बर्फाचं थंडगार मैदान रिकामं पडलेलं.

"अगं, आत का नाही खेळत? ऊन लागेल!" मी ओरडलो.

"मामा, संघ सुरू झाला तेव्हा गावात बर्फाचं मैदानच नव्हतं. पहिली मुलं इथे, डांबरावर शिकली. म्हणून दरवर्षी पहिला सराव इथेच."

जो बर्फ अजून गावात आलाच नव्हता, त्याच्यासाठी इतका घाम गाळायचा! त्या अनोळखी मुलांचं मला फार कौतुक वाटलं.

निघताना भाची वाकली. आखाड्यातल्या मातीला करावा तसा तिने डांबराला हात लावून नमस्कार केला. हात चांगलाच पोळला असणार. तिने तो लगेच उचलला नाही.