बर्ड फ्लूचं ट्रेनिंग आणि आत्यांच्या सात कोंबड्या

मेलेल्या कोंबडीला आमच्या रजिस्टरात एकच ओळ मिळते. तारीख, गाव, किती मेल्या, लक्षणं काय. पण त्या ओळीच्या मागं जे घडलेलं असतं, ते लिहायला रकानाच नाही. मग ते राहतं आमच्या डोक्यात! कोंबडीची पिसं कशी, सकाळी अंगण झाडलं तरी दुपारी चार सापडतातच. तसंच या किश्श्यांचं. महिन्याच्या मीटिंगला आम्ही पशुसखी जमलो की चहा येईपर्यंत नुसती पिसं उडतात.

पशुसखी म्हणजे गावातल्या शेळ्या-कोंबड्यांचं दुखणं-खुपणं बघायचं आणि दवाखान्याला कळवायचं. मैंदर्गीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमचं गाव. मी सातवी शिकलेली. बचत गटात वाचता येणारी आणि फोनवर नीट फोटो काढता येणारी मीच निघाले, म्हणून माझी निवड. शेजारच्या गावची शामल माझ्या जोडीला. आणि आमच्या वर जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम.

मॅडमनी एक दिवस सांगितलं, यंदा बर्ड फ्लूची तयारी करायची. आपल्याकडं आलेला नाही. पण आला तर काय करायचं ते आधीच सगळ्यांना माहीत पाहिजे.

मला आधी माझं घर आठवलं. माझी चिऊ अडीच वर्षांची. आणि घरात आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, सात कोंबड्या. घरात म्हणजे घरातच! दिवेलागणीला सातही जणी उंबरा ओलांडून आत येतात आणि चिऊच्या अंथरुणापासून दोन हातांवर डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली, झोपतात. त्या दिवशी मी ठरवलं, काही झालं तरी या कोंबड्या घराबाहेर झोपल्या पाहिजेत.

ठरवणं सोपं होतं.

*

ट्रेनिंगचा पहिला दिवस. मॅडमनी विचारलं, "सकाळी उठलात आणि खुराड्यात कोंबडी मरून पडलेली दिसली. पहिलं काम काय कराल?"

शामलनं हात वर केला. "त्ये ती कवा मेली त्याच्यावर हाय, मॅडम."

"म्हणजे?"

"अंग गरम असंल तर कांदा चिरायला घ्यायचा!"

सगळा हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हात लावायचा नाही.' मग शामलकडं वळून म्हणाल्या, "कांदासुद्धा चिरायचा नाही."

मी मधल्या सुट्टीत मॅडमना गाठलं. माझे प्रश्न वहीत लिहूनच नेले होते. कोंबडीचा फ्लू माणसाला कसा होतो? लहान पोराला होतो का? अंड्यातनं येतो का? कोंबडी शिंकते का? मॅडमनी एकेकाचं उत्तर दिलं. माणसाला क्वचित होतो, पण आजारी कोंबडीच्या फार जवळ राहिलं तर होऊ शकतो. अंडं, मटण पूर्ण शिजवून खायचं. कोंबड्यांत वावरलं की साबणानं हात धुवायचे.

"आणि कोंबडी आणि बाळ एका खोलीत झोपत असतील तर?" मी विचारलं.

"कुणाच्या घरात?"

मी वही मिटली. "असंच, गावात एकीच्या."

*

दुसऱ्या दिवशी किट घालायला शिकवलं. पांढरा झगा, टोपी, चष्मा, मास्क, दोन-दोन हातमोजे. घालायचं कसं यापेक्षा काढायचं कसं हेच जास्त अवघड. बाहेरची बाजू अंगाला लागता कामा नये. शामल तर एका पायावर नाचत नाचत भिंतीपर्यंत गेली!

मॅडम म्हणाल्या, गावात एकदा घालून दाखवा, म्हणजे खरी वेळ आली तर लोक घाबरणार नाहीत. मी घातलं आणि निघाले. सोलापूरच्या उन्हात त्या झग्यात माणूस शिजतो. पहिलं घर गंगाक्कांचं. गंगाक्का म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात जुनी कोंबडीवाली. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलते आणि दोन्हीत भांडते.

मला बघून तिनं धाडकन दार लावून घेतलं. आतनं ओरडली, "इल्ल, इल्ल! माजं करोनाचं दोन्ही डोस झाल्यात! पुढच्या गल्लीत जावा!"

"अक्का, मी हाय!"

"मी म्हंजे कोण मी?"

चष्म्यावर वाफ, तोंडावर मास्क, नाव सांगितलं तरी ते तिला पटेना. तेवढ्यात तिच्या कोंबड्या पळत आल्या आणि माझ्या पायाशी गोळा झाल्या. त्यांना मी रोज येता-जाता ज्वारी टाकते. दाराच्या फटीतनं अक्कानं ते बघितलं आणि कडी काढली. "तूच व्हय ग! आदी सांगायचं न्हाई?"

त्या झग्यात माझ्या नवऱ्यानं मला ओळखलं नसतं. कोंबड्यांनी बरोबर ओळखलं!

*

थंडीत आमच्या तळ्यावर बाहेरदेशाचे पक्षी येतात. मॅडमनी सांगितलं, हा आजार कधी कधी अशा पक्ष्यांबरोबर प्रवास करतो. काही पक्षी स्वतः आजारीसुद्धा पडत नाहीत, नुसता घेऊन फिरतात. तेव्हा दर सोमवारी तळ्यावर जायचं, लांबूनच बघायचं, एकदम बरेच पक्षी मेलेले दिसले की कळवायचं.

सात वर्षं झाली लग्नाला, पण त्या तळ्याकाठी मी कधी बसले नव्हते. कपडे धुवायचे आणि निघायचं. आता मी आणि शामल वही घेऊन बसलो. बदक पाण्यात बुडी मारून भलतीकडंच वर निघतं, एका पायावर झोपलेला बगळा पडत नाही, हे सगळं मी पहिल्यांदा बघितलं.

वाटेनं एक आजोबा चालले होते. "काय गं पोरींनो, काय लिवताय?"

शामल म्हणाली, "पावणं आल्यात सरकारचं. हजेरी घेतोय."

आजोबांनी कपाळावर हात धरून तळ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आन् गैरहजर असलं तर?"

*

मग झाली रंगीत तालीम. आजार आलेलाच नाही, पण आला असं समजायचं. सोलापूरहून एक साहेब आले. ग्रामसेवक, आशाताई, पोलीसपाटील, सगळे गोळा. साहेबांनी नकाशा पसरला, आमच्या गावावर बोट ठेवलं आणि भोवती गोल काढला. या गोलात आजार आहे असं समजा. इथली कोंबडी बाहेर जाणार नाही, बाहेरची आत येणार नाही.

पोलीसपाटील म्हणाले, "सायेब, ह्यातला निम्मा गोल कर्नाटकात गेलाय."

साहेबांनी चष्मा लावला, बघितलं. खरंच गेला होता! ते म्हणाले, "तिकडचं तिकडचे बघतील. त्यांच्याशी आपला पत्रव्यवहार आहे. आपण आपल्या हद्दीपुरतं बघायचं."

मागनं गंगाक्का उठून उभी राहिली. "पर सायेब, आमच्या कोंबड्यास्नी कानडी येतंय की!"

साहेबांनी तिथल्या तिथं पलीकडच्या डॉक्टरांना फोन लावला.

*

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे मोजणी. कुणाकडं किती कोंबड्या, हे फोनमधल्या फॉर्मात भरायचं. मी गंगाक्काकडं गेले.

"किती हायत अक्का?"

"पाच."

मी अंगणात बघितलं. आठ!

"मग ह्या तीन?"

"त्या देवीच्या. नवसाच्या. माज्या कशा मोजू?"

तेव्हा मला उमगलं की अख्ख्या गावात असंच आहे. नवसाला सोडलेली कोंबडी कुणीच आपल्यात मोजत नाही. आणि नेमकी तीच गावभर फिरते, कारण तिला कुणी हाकलत नाही! मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, वेगळी नोंद कर, मालकाच्या जागी देवीचं नाव टाक.

टाकलं. पण फॉर्म पुढं जाईना. मालकाचा मोबाईल नंबर टाकल्याशिवाय तो हलतच नाही.

"अक्का, आता देवीचा नंबर काय टाकू?"

"माजाच टाक," गंगाक्का म्हणाली. "तिला काय सांगायचं असलं तर मीच सांगती."

*

आणि एक दिवस सकाळी त्याच तीन कोंबड्या मेल्या. एकदम.

गंगाक्का आमच्या दारात उभी. "मी हात न्हाई लावला बग. तू सांगितलंतंस तसंच."

"बरं केलं, अक्का."

"पायानं सरकावल्या."

मॅडम किट घालून आल्या. नमुने घेतले, बर्फाच्या डब्यात घालून लॅबला पाठवले. रिपोर्ट येईपर्यंत थांबा, म्हणाल्या. मी थांबले, पण माझा जीव थांबेना. आणि नेमका दुसऱ्याच दिवशी चिऊला ताप भरला!

मी नवऱ्याला फोन लावला. आमचे हे सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, सुट्टीला घरी येतात. फोनवर मला बोलताच येईना, मी नुसती रडले. ते तिकडं घाबरले, आणि त्यांना घाबरलेलं ऐकून मी आणखी घाबरले. आशाताई आली, आम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "मेलेल्या कोंबडीला बाळानं हात लावला होता?"

"न्हाई."

"घरात कोंबड्या आहेत?"

आता खोटं कुणासाठी बोलायचं? मी म्हणाले, "डॉक्टर, कोंबड्या आमच्या घरात न्हाईत. आमीच त्यांच्या घरात राहतोय."

त्यांनी चिऊचा घसा बघितला, कान बघितले. नाकातला नमुनाही घेतला. तीन दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी खालच्या हिरडीतनं दाढेचं टोक वर आलं. चिऊचा नमुना चांगला आला. कोंबड्यांचा पण रिपोर्ट आला. बर्ड फ्लू नव्हता. मानमोडी होती, म्हणजे राणीखेत, आपल्याकडची जुनीच. ती होऊ नये म्हणून लसीचा डोस मिळतो.

मॅडमनी विचारलं, "अक्का, बाकीच्या पाच जगल्या. या तिघींना डोस दिला नव्हता का?"

"देवीच्या कोंबडीला कसलं आवशद? तिनं बगायला पायजे होतं की!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तिनं तुमच्याकडं बघायला दिल्या होत्या, अक्का."

आता डोसच्या दिवशी गंगाक्काला बघावं. नवसाला सोडलेली नवी कोंबडी सगळ्यात पुढं, अक्काच्या स्वतःच्या पाच रांगेत मागं!

*

राहिलं आमचं घर. रिपोर्ट चांगला आला आणि आत्यांना जोर चढला. "बग, न्हवता की तुजा फ्लू."

"आत्या, आज न्हवता. पण चिऊ किती जवळ झोपती त्यांच्या."

"भायेर मुंगूस हाय, मांजर हाय. तू राखत बसशील?"

ह्यांनी सुट्टीच्या दिवशी कारखान्यातनं आणलेल्या फळ्यांचं खुराडं केलं. जाळी लावली, आत बसायला काठ्या, वर पत्रा, खाली चुना. मुंगूस काय, मुंगीसुद्धा शिरणार नाही असं! आत्यांनी चारी बाजूंनी हात फिरवून बघितलं. म्हणाल्या, "त्या गेल्या तर जाऊ देत. मी आडवी येत न्हाई."

त्या जाईनात! रोज संध्याकाळी मी ज्वारी टाकून बोलवायची. दाणे वेचून सातही जणी माझ्या देखत उंबऱ्याकडं वळायच्या. उचलून आत ठेवलं की असा गोंधळ घालायच्या की आत्या स्वतः येऊन कडी काढायच्या. चार महिने खुराडं रिकामं.

आणि नेमके तेव्हाच साहेब परत आले. पशुसखीचं घर गावाला नमुना म्हणून दाखवायचं, तर आधी बघून जाऊ म्हणाले. बरोबर मॅडम. वेळ दिवेलागणीची! मला तर तोंड लपवायला जागा नव्हती. मॅडमना आज कळणार होतं, ट्रेनिंगमधली 'गावातली एक' कोण ते.

आम्ही घराच्या मागं गेलो. बघते तर सातही कोंबड्या खुराड्यात, काठीवर ओळीनं बसलेल्या! एकीचा आवाज नाही. आणि त्यांच्या खाली, चुन्यात, मांडी घालून बसलेली माझी चिऊ.

"तिनंच नेल्या," आत्या मागच्या दारातनं म्हणाल्या. "नुसती आत जाऊन बसली. गेल्या सगळ्या मागनं."

साहेब फार खूश झाले. खुराड्याचा फोटो काढला. फॉर्मात प्रश्न होता, कोंबड्यांची झोपायची सोय घराबाहेर आहे का? त्यांनी मोठ्या अक्षरात 'होय' लिहिलं. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मग साहेब म्हणाले, "फक्त बाळाला तेवढं बाहेर काढा. हात धुवा तिचे."

मी हाक मारली, "चिऊ, ये बाई भायेर."

चिऊ उठली. ढुंगणावरचा चुना झटकला आणि बाहेर आली. तिच्या मागं पहिली कोंबडी उतरली. मग दुसरी. मग तिसरी. साहेब, मॅडम आणि मी बाजूला सरकून वाट देत उभे. चिऊ पुढं, तिच्या मागं ओळीनं सात जणी, मागच्या अंगणातनं उंबऱ्यावर आणि उंबऱ्यावरनं घरात.

आतनं आत्यांचा आवाज आला, "आलाव का गं? या, या." आणि डालगं उचलल्याचा.