कूलर बंद ठेवलेले दिवस

आत्याचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यातलं फार कळत होतं म्हणून नव्हे, मी इंग्रजी शाळेत शिकले होते म्हणून. कंपनीशी बोलायचं म्हणजे इंग्रजी आलं, आणि आमच्या घरात इंग्रजी म्हणजे मी. मला जळगावहून धुळ्याला बोलावून घेतलं. पारोळ्यापर्यंत मी बसच्या खिडकीतून उन्हाने पांढरी पडलेली शेतं बघत मनात वाक्यं जुळवत होते. प्रत्येक वाक्य 'सॉरी'ने सुरू होत होतं.

आत्या मशीनवर भरतकाम करते. सुई मशीन चालवतं, पण टाका कुठे घालायचा ते कॉम्प्युटर सांगतो. कपाशीचं फुटलेलं बोंड, केळफूल, कानबाईच्या वस्त्राचे काठ, अशी तिची स्वतःची डिझाइनं त्यात होती. कागदावर तिला रेघसुद्धा सरळ ओढता येत नाही. पडद्यावर मात्र ती एकेक टाका ठेवत गेली आणि हळूहळू तिथे एक बाग उभी राहिली. ते सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हतं, त्यामुळे ती बाग या एकाच यंत्रात उघडायची. श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. त्याआधी गावोगावच्या बायका आत्याकडेच काठ मागायला येतात. डिझाइनं गेली तर तिच्या हाती साडीला फॉल लावणं तेवढं उरणार होतं.

मी फोन लावला. पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला आणि मी नुसतं 'सॉरी' म्हणाले.

"तुले इंग्रजी येस ना व? मंग बोल ना!" आत्याने मला कोपराने ढोसलं.

मी कसंबसं बोलले. त्या आवाजाने मॉडेल विचारलं, थांबायला सांगितलं, सतार ऐकवली. मग म्हणाला, हे मॉडेल फार जुनं आहे, त्याचे भाग आता बनत नाहीत, आपण नवं घ्यावं. आपली आणखी काही मदत करू का?

"काय म्हणस?"

"जुनं झालं म्हणते. पार्ट मिळत नाहीत."

"मी बी जुनी शे," आत्या म्हणाली. "मना गुडघाना पार्ट कोठे भेटतस?"

आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, कूलरसमोर बनियनवर बसले होते. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत्या हसली नाही. मशीनवर तिने जुनी ओढणी पांघरली आणि ओट्याकडे निघून गेली.

दुपारी सगळे झोपल्यावर मी मोबाइलवर शोधत राहिले. त्या कंपनीचे जुने कॉम्प्युटर बाळगणाऱ्यांचं एक पान सापडलं, तक्रारींचं. कुठल्याशा बर्फाळ गावातला माणूस लिहीत होता की त्याच्या चर्चमधल्या ऑर्गनची सगळी स्वरलिपी यंत्रात अडकून पडली आहे. एका बाईने मधमाश्यांच्या पोळ्यांचे फोटो जपले होते. कोणी लिहिलं होतं, मी या यंत्राशी कधी वाईट वागलो नाही, मग असं का? बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कूलरचं पाणी जाळीवरून टपटपत होतं, आणि मी अनोळखी लोकांच्या दुःखातून झोपेत चालल्यासारखी फिरत होते. ती माणसं रागावलेली होती, पण त्या रागाचा मला धाक वाटत नव्हता. तिथे कोणाला माझा आवाज ऐकू येणार नव्हता.

मग मीही लिहिलं. बोलताना माझं कधीच होत नाही इतकं लांब. बोंडाबद्दल, केळफुलाबद्दल, आत्याबद्दल. यंत्राची आम्ही किती काळजी घेतो हे पटावं म्हणून हेही लिहिलं, की उन्हाळ्यात ते तापू नये म्हणून आम्ही त्याला कूलरच्या अगदी समोर ठेवतो.

संध्याकाळी बर्फाळ गावातल्या माणसाचं उत्तर आलं. कूलर म्हणजे काय?

मी समजावलं. गवताच्या ओल्या ताट्या, त्यातून येणारा वारा.

म्हणजे तुम्ही त्याच्यावर वर्षानुवर्षं पाणी फुंकत होता, असं त्याने लिहिलं. मग थोड्या वेळाने आणखी लिहिलं: उघडा, नीट वाळवा, कदाचित थोडा वेळ चालेल. फार आशा ठेवू नका.

नानांनी स्क्रू काढले. आत पांढरा क्षार साचला होता, माठाच्या बुडाशी धरतो तसा. मऊ ब्रशने मी तो झाडला. मग कूलर बंद केला, कारण त्या खोलीत दमट वारा नको होता, आणि दुसरी खोली म्हणावी अशी नव्हती.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. भिंती तव्यासारख्या तापलेल्या, फरशीवर पाणी शिंपडायलाही मनाई, आणि मधोमध सुती पंच्यावर उघडं पडलेलं ते यंत्र. आम्ही त्याच्याभोवती आजाऱ्याजवळ बसावं तसे हळू बोलत असू. नाना डोक्यावर ओला रुमाल घेऊन दारात बसत.

"सर्दी कॉम्प्युटरले," ते म्हणत, "अन् घाम माले!"

"चूप बसा. रुमाल पिळीसन बाहेर बसा," आत्या म्हणे.

एका दुपारी तिने बटण दाबलं आणि पंखा गुणगुणला. पडद्यावर निळा उजेड आला. मी टाळी वाजवणार होते, पण आत्याने आधीच मांजरपाटाचा तागा ओढून मशीनखाली सरकवला होता. डिझाइनं दुसरीकडे उघडणार नाहीत तर कापडावर तरी उतरवून घेऊ, असं तिने मनात ठरवलेलं असावं. कोणाला विचारलं नाही.

"दोरा बदल," एवढंच म्हणाली.

केळफूल उतरलं. बोंड उतरलं. मी दोरे ओवत होते, सुई टकटकत पांढऱ्या कापडावर बाग सांडत होती, आणि घामाने माझ्या डोळ्यांपुढे सगळं पोहत होतं. कानबाईचा काठ सर्वांत मोठा. तो मध्यापर्यंत आला, सुई थांबली, पडदा विझला.

आम्ही बटण पुन्हा पुन्हा दाबलं. काही झालं नाही. नाना उठून आत आले.

मला रडू आवरेना. आत्या मात्र कापड वर धरून उजेडात बघत होती. बोटाने तिने पानं मोजली, मग वेल, मग मधला मोर.

"आर्धा शे ना," ती म्हणाली. "बाकीना तोच, उलटा."

कापडाचं एक टोक तिने माझ्या हातात दिलं आणि हातसुईत दोरा ओवायला घेतला. नानांनी जाऊन कूलर लावला.