पंपावर टाकलेला फ्लेक्स

वैमानिक होण्याआधीच मी नागावात वैमानिक झाले होते. विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत प्रवेश मिळाला आणि वडिलांनी बीचकडे वळणाऱ्या फाट्यावर फ्लेक्स लावला. 'नागावच्या कन्येची गगनभरारी, हार्दिक अभिनंदन.' माझ्या पासपोर्ट फोटोवर दुकानदाराने संगणकावर सोनेरी पट्टीची टोपी बसवली होती. खाली शुभेच्छुक म्हणून आमचा होमस्टे. तोवर मी विमानात प्रवासी म्हणूनही बसले नव्हते.

उड्डाणापूर्वीच्या तपासण्या ओळीने, मोठ्याने म्हणाव्या लागतात. मध्ये कुणी बोललं की माझी एखादी सुटायची. प्रशिक्षक ती तिथेच दाखवून देत. असं वारंवार व्हायला लागलं तेव्हा मी स्वतःहून डॉक्टरांकडे गेले. निदान झालं: एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातला विकार. गोळ्या सुरू झाल्या. त्या चालू असताना उड्डाण करता येत नाही, म्हणून प्रशिक्षण थांबलं. गोळ्या बंद करून काही महिने काढायचे, मग पुन्हा चाचण्या, असं सांगण्यात आलं.

मी घरी आले. फ्लेक्स जागेवर होता. पाहुणे नाश्त्याला बसले की वडील सांगायचे, "मुलगी पायलट आहे. रजेवर आलीय." मी घावन वाढत असे, खोडून काढत नसे. एका सकाळी गॅसवरचा चहा उतू गेला. शेजारची काकी दारातून म्हणाली, "चहा सांभाळाया येत न्हाय, आन इमान सांभाळणार हाय!" पाहुणे हसले. मीही हसले आणि ओटा पुसला.

चाचण्यांच्या शेवटी मुंबईतल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना माझं लहानपण पाहिलेलं माणूस हवं होतं. वडील इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत वाडीतले नारळ घेऊन आले.

"लहानपणी वस्तू विसरायची?" बाईंनी विचारलं.

"छे हो, मॅडम. एकदा सांगितलं की पाठ."

"हातातलं काम अर्धवट सोडायची?"

"कधीच नाही. गावात विचारा कुणालाही."

आपण मुलीची बाजू मांडतोय, असं त्यांना वाटत होतं. मी याच खोलीत नेमकं उलट सांगितलं होतं. आमच्यातलं कुणीतरी एक खोटं बोलत होतं, आणि बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचा अभिप्राय विरोधात गेला तर पुढे काही उरत नव्हतं.

"बाबा, पंपाचं सांगा," मी म्हणाले.

त्यांनी नारळाची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"पंप चालू करून विसरायची," ते म्हणाले. "वाडीत तळं व्हायचं. शेजाऱ्यांच्या सुपारीत पाणी जायचं. मी बंद करायचो. हिच्या आईला सांगत नव्हतो."

"आणि आता?"

"आता बटणावर बोट ठेवून बोलते. पंप चालू, पाणी कुठल्या आळ्यात, बंद कधी करायचा. मध्ये हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. वाडीतले हसतात, मॅडम. म्हणतात, पंपाशी बोलते."

बाई हसल्या आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. मला वडिलांच्या कडक कॉलरकडे बघवेना. परक्या माणसासमोर मी त्यांना खोटं पाडलं होतं.

परतताना मांडव्याच्या बोटीत ते एकदाच बोलले. "नापास केलं तर ते माझ्यामुळे का गं, बाय?"

"नाही, बाबा."

फाट्यावर त्यांनी रिक्षा थांबवली, चालकाकडून सुरी मागितली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. पानटपरीवरून कुणीतरी ओरडलं, "काय ओ दादा, पोरीला उतरवलीत?"

"उन्हानं रंग गेलाय," ते म्हणाले.

रंग गेला नव्हता.

अभिप्राय माझ्या बाजूने आला. प्रशिक्षण पुन्हा सुरू झालं, पूर्ण झालं. आज मी एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी वडिलांनी पाहुण्यांना पेढे दिले, कशाचे ते सांगितलं नाही. नव्या फ्लेक्सचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

जुना वाडीतल्या पंपावर टाकलेला आहे, छापील बाजू आत. रजेवर आले की पाणी मी सोडते. फ्लेक्स उचलला की टोपीतला तो चेहरा उलटा दिसतो. मी बटणावर बोट ठेवते. कॉकपिटमध्ये तपासण्या मी अशाच, शेजारच्याला स्पष्ट ऐकू जातील अशा म्हणते. इथे बोलण्याआधी कुंपणापलीकडे कुणी आहे का ते पाहते.