सासूबाईंचा वेगळा तवा

माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मी घरीच केक केला होता. दही, खायचा सोडा आणि थोडा लिंबाचा रस घालून. अंडं घालायचा प्रश्नच नव्हता. सासरचे लिंगायत, लातूरकडचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. लग्न झालं तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की, त्या घराच्या चुलीवर तसलं काही करायचं नाही.

केक छान फुगला. सासूबाईंनी तो बोटाने दाबून बघितला, वास घेतला आणि ताटली बाजूला सरकवली. मी त्यांना आत्या म्हणते. विचारलं, "आत्या, गोड कमी झालं का?"

त्या म्हणाल्या, "अंड्याबिगर एवढं फुगतं व्हय गं?"

मी सोड्याची पुडी दाखवली, दह्याचं रिकामं भांडं दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. मी मोशीची. आमचं जुनं शेतकरी घर, शेती गेली, पण रविवारचं मटण काही गेलं नाही. हे त्यांना लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. आजवर त्यावरून एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि आता मुलीच्या केकवर बोलल्या.

सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे पिंपळे गुरवला राहायला आल्या, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. आल्या आल्या दूध सोडलं होतं. पिशवीच्या दुधाला पावडरीचा वास येतो, गावाकडच्या म्हशीच्या दुधाची सर नाही, असं त्यांचं म्हणणं. दही त्याच दुधाचं, म्हणून तेही नको. चहासुद्धा कोरा. केकनंतर तर त्यांनी स्वतःचा तवा वेगळा केला. तो धुऊन, फडक्यात गुंडाळून त्या आपल्या पलंगाखाली ठेवायच्या. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी कांदा. मी केलेली वाटाण्याची उसळ, पालक, वरण, काही नको. मी पहिल्या शिफ्टला चाकणला निघून जायची, कंपनीत स्टोअरला आहे. मागे त्या ओट्याखालची कचऱ्याची बादली उपसून बघतात, हे मला शेजारच्या बाईंनी सांगितलं. टरफलं शोधत असणार.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वय झालंय, सोडून दे. तो तिसऱ्या शिफ्टला असायचा, दिवसा झोपायचा. त्याला सोडून देणं सोपं होतं.

मग त्यांची नवीन तक्रार सुरू झाली. पायाखाली मुंग्या फिरतात म्हणाल्या. चालताना भिंतीला हात लावायच्या. गॅस चालू ठेवून विसरायच्या आणि मी मुद्दाम चालू ठेवला असं नवऱ्याला सांगायच्या. एकदा त्यांचे पैसे हरवले, म्हणजे उशीखालीच सापडले, पण तोवर त्या माझ्या पर्सकडे बघत बसल्या होत्या.

आता संशय माझ्याही डोक्यात शिरला. मला वाटायला लागलं, हे सगळं नाटक आहे. मुलाने गावाकडे परत यावं म्हणून चाललंय. त्या भिंत धरून चालायला लागल्या की मी स्वयंपाकघराच्या दारातून गुपचूप बघायची. कुणी बघत नसताना नीट चालतात का, ते ताडायला. नीट चालत नव्हत्या. तरी मला वाटायचं, त्यांना मी दिसत असणार.

जवळच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी वयोमानाने होतं म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंनी त्या गोळ्या मुठीत धरून घरी आणल्या आणि कुंडीत पुरल्या. मला दुसऱ्या दिवशी मातीत पांढरं दिसलं.

उन्हाळ्यात सुट्टीच्या एका दुपारी आम्ही दोघी पिंपरीला बाजारात गेलो होतो. मी भाजीच्या पाटीवर वाकून शेपू निवडत होते. त्या पुढे निघाल्या. थोड्या वेळाने एक बाई हातात चप्पल घेऊन मागून आली आणि म्हणाली, "ताई, ही तुमच्या म्हातारीची का?"

मी पुढे पाहिलं. सासूबाई तापलेल्या डांबरावरून एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा, अशा शांतपणे चालल्या होत्या. मी धावत जाऊन त्यांना थांबवलं, सावलीत बसवलं. तळव्याला फोड आला होता. मी विचारलं, चटका बसला नाही का? त्यांनी पाय उचलून बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. चप्पल कधी गेली ते त्यांना कळलंच नव्हतं.

असं नाटक कुणी करत नाही. मी तिथेच फोडावर पाणी ओतलं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी जीभ बघितली. ती लाल आणि गुळगुळीत झाली होती, तिखट लागल्यावर चुरचुरते हे सासूबाईंनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मग चिमट्यासारखा एक लोखंडी काटा थरथरवून घोट्याला लावला आणि थरथर कळते का विचारलं. गुडघ्याला कळली, घोट्याला नाही. काय काय खाता, हे खूप वेळ विचारलं. रक्त तपासायला दिलं. बी-बारा अगदी तळाला गेलेलं निघालं.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं की, हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत नसतं. शाकाहारी माणसाला ते दुधा-दह्यातूनच थोडंफार मिळतं. त्यांचं आधीपासूनच कमी असणार, त्यात दूध सुटलं. शाकाहारात काही वाईट नाही, फक्त ही एक गोष्ट बाहेरून घ्यावी लागते आणि बाकीच्यासाठी ताट भरलेलं असावं लागतं, नुसती भाकरी-चटणी नाही. सासूबाई बाहेर ड्रेसिंग करून घेत होत्या, तेव्हा डॉक्टरबाईंनी मला हळूच विचारलं, "घरच्यांवर संशय घेतात का हल्ली?"

मी कचऱ्याच्या बादलीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, यानेही तसं होऊ शकतं.

बी-बाराची इंजेक्शनं घ्यायची ठरली. ती कशातून काढतात, हे सासूबाईंनी विचारलंच. मोठ्या टाक्यांत सूक्ष्म जंतूंकडून करून घेतात, दही लागतं तसंच काहीसं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. तेव्हा त्यांनी दंड पुढे केला. नंतर डॉक्टरबाईंनी पुढच्या महिन्यांसाठी कॅप्सूल लिहून दिल्या. घरी आल्यावर सासूबाईंनी एक हातात धरून दाबली.

"ही वरची टोपी कशाची?"

मला माहीत नव्हतं. खाली मेडिकलमध्ये जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, जिलेटिन, बहुतेक सगळ्या अशाच येतात. म्हणजे जनावरांची हाडं, कातडी. जिना चढताना मी विचार केला की, काहीतरी गोड बोलावं, औषध तर पोटात जाईल. पण त्या दारातच उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत.

मी सांगितलं, "आत्या, तुमचा संशय बरोबर आहे. ती टोपी जनावराच्या हाडाकातड्याची असते. आपण गोळी बदलून घेऊ."

त्यांनी कॅप्सूल टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "आन् तू माहेरी गेल्यावर खातीस का?"

"खाते," मी म्हटलं. माझ्या तोंडून आपोआप माहेरची भाषा आली. "आमच्यात खात्यात. पर हितं कधी न्हाई आणलं. त्या केकातबी न्हाई."

त्या पलंगावर जाऊन बसल्या. संध्याकाळी मी जेवायला वाढताना त्यांनी ताट पुढे ओढलं आणि म्हणाल्या, दही असेल तर घाल थोडं.

गोळ्या आम्ही बदलून घेतल्या. पायातली जाण हळूहळू, अर्धीमुर्धी परत आली. अजून त्या अंधारात चाचपडतात, आणि डॉक्टरबाई म्हणतात तेवढं राहील. ज्वारीबरोबर डाळ, लिंबू पिळलेली पालेभाजी, तीळ, मोड आलेली मटकी, ताक, हे आता सगळं खातात. जेवणावर लगेच चहा मात्र मी देत नाही, त्याने जेवणातलं लोह अंगी लागत नाही म्हणून; त्यावरून कुरकुर होते. दुधाची पिशवी कापली की अजून नाकाशी धरतात. त्यातला आजार किती आणि स्वभाव किती, हे मला सांगता येणार नाही.

मी माझं आणि नवऱ्याचंही रक्त तपासून घेतलं. माझं ठीक निघालं. नवऱ्याचं कमी. तो रिपोर्ट उलटसुलट बघून म्हणाला, या लॅबवाल्यांचा धंदा आहे, सगळ्यांचं कमीच दाखवतात. सासूबाई कोपऱ्यात मटकी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पायात चपला घातल्या, पट्टा नीट बसलाय का ते हाताने चाचपून बघितलं आणि मुलाला म्हणाल्या, "ऊठ. सुई टोचायला मी येते संगं."

तो गेला. मी गॅलरीतून बघितलं, त्याचा दंड धरून त्या चालल्या होत्या. चालायला आधार म्हणून धरला होता, की तो वाटेतून पळेल म्हणून, ते काही मला वरून कळलं नाही.